मार दुसऱ्या वर्षी, परिणाम चौथीत

मूल पलंगावरून किंवा जिन्यावरून पडलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "लहान आहे, भरून येईल." हाडाच्या बाबतीत हे खरं आहे. तीन वर्षांच्या पोराचं हाड आजोबांच्या हाडापेक्षा कितीतरी लवकर सांधतं. मेंदूच्या बाबतीत मात्र हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेला अर्धा भाग मुलांना फार महागात पडतो.

या समजुतीला विज्ञानानंही हातभार लावला आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांच्या मेंदूतला, हालचालींवर ताबा ठेवणारा भाग काढून पाहिला. पिल्लं प्रौढ माकडांपेक्षा चांगली सावरली. त्यातून ‘वय जितकं लहान तितकं नुकसान कमी’ असा सुटसुटीत नियम केनार्ड यांच्या नावानं रूढ झाला. खुद्द त्यांनी इतकं सरसकट म्हटलं नव्हतं. काही पिल्लांमध्ये वय वाढल्यावर हातापायांत ताठरपणा दिसू लागतो, हे त्यांनीच नोंदवलं होतं. नियम लक्षात राहिला, नोंद मागे पडली.

आधी मार किती गंभीर हे कसं ठरवतात ते पाहू. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी एक मोजपट्टी दिली, ती आज जगभर वापरतात: ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६ गुण. किमान बेरीज ३, कमाल १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य.

बोलण्याचे गुण द्यायला मोठ्या माणसाला विचारतात, तुम्ही कुठे आहात, महिना कोणता. चौदा महिन्यांच्या बाळाला काय विचारणार? म्हणून लहानांसाठी पट्टी बदलावी लागली. नेहमीसारखे हुंकार आणि बडबड असेल तर ५, किरकिर करून रडत असेल तर ४, दुखवल्यावरच रडत असेल तर ३, नुसतं कण्हत असेल तर २, काहीच आवाज नसेल तर १. कागदावर सोपं वाटतं. पण कॅज्युअल्टीत आलेलं बाळ भुकेलेलं असतं, झोपेची वेळ टळलेली असते, समोर अनोळखी माणसं असतात. ही किरकिर मेंदूची की भुकेची? अनुभवी डॉक्टर अशा वेळी बाळाला आईच्या मांडीवरच राहू देतात, किल्ल्यांचा जुडगा हलवून नजर त्यामागे फिरते का पाहतात, आईनं थोपटल्यावर रडणं थांबतं का पाहतात. थांबलं तर मोठा दिलासा. कशानंही न थांबणारं रडणं ही काळजीची खूण.

२००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांवरून संशोधकांनी सीटी स्कॅन कुणाला टाळता येईल ते ठरवलं. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सहा गोष्टी पाहायच्या: शुद्धीत फरक, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेलं टेंगूळ, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्धी, तीन फुटांहून उंच पडण्यासारखा जोराचा मार, कवटीला हाताला लागणारी मोड, आणि सहावी म्हणजे मूल नेहमीसारखं वागत नाही असं पालकांचं म्हणणं. सहापैकी एकही नसेल तर गंभीर इजेची शक्यता ५,००० मध्ये एकाहूनही कमी. मग स्कॅनचा किरणोत्सर्ग त्या कोवळ्या डोक्याला कशाला द्यायचा? "डॉक्टर, हा आज वेगळाच वाटतोय" हे आईचं वाक्य इथे तपासणीचाच भाग आहे. ते निःसंकोच म्हणा.

आणि पडल्यावर मिरची-मोहरीनं दृष्ट काढण्यात, झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि रुग्णालयात निघा. वारंवार उलट्या, न उठवता येणारी गुंगी, कानानाकातून पाण्यासारखा द्रव, शांत असतानाही डोक्यावरची फुगलेली टाळू, यांतलं काहीही दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठा.

आता गुण चांगले आले आणि सीटीही स्वच्छ आला, तरी प्रश्न का उरू शकतो? त्यासाठी अ‍ॅक्सॉनकडे जावं लागेल. चेतापेशीतून निघणारा हा लांब धागा, जाडीला साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या आत सूक्ष्मनलिका नावाचे प्रथिनांचे रूळ असतात आणि त्यांवरून पेशीचा माल सतत ये-जा करतो. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं, मान कमजोर. जोराचा हिसका बसला की डोकं गर्रकन फिरतं, आणि मेंदूचे थर एकमेकांवरून सरकून हे धागे ताणले जातात. रडणारं बाळ धरून जोरजोरात हलवणं जीवघेणं ठरतं ते याचमुळे.

यातली विलक्षण गोष्ट अशी की नुकसान ताणाच्या लांबीइतकंच त्याच्या वेगावर ठरतं. चिक्कीचा गरम पाक हळू ओढला तर तार निघते, हिसडला तर तुटतो. सूक्ष्मनलिकांचं तसंच आहे. सावकाश ताणल्या तर टिकतात, क्षणार्धात ताणल्या तर तुटतात. मात्र धागा स्वतः त्या क्षणी सहसा तुटत नाही. ताणामुळे त्याच्या पटलातले, म्हणजे बाहेरच्या पापुद्र्यातले, सोडियमचे दरवाजे बिघडतात, सोडियम आत घुसतो. तो बाहेर काढण्याच्या धडपडीत सोडियम-कॅल्शियम अदलाबदलीची यंत्रणा उलटी फिरते आणि कॅल्शियम आत येतो. कॅल्शियम कॅल्पेन नावाचं विकर (एन्झाइम) जागं करतं. कॅल्पेन पटलाखालचं स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं जाळं कापतं. इकडे तुटलेल्या रुळांपाशी माल तुंबतो, धागा गाठीसारखा फुगतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तिथे तुटतो. म्हणजे अपघात सोमवारी, तुटणं बुधवारी. सीटीला रक्तस्राव दिसतो, हाडाची मोड दिसते, धाग्यांचं हे तुटणं बहुतेकदा दिसत नाही.

ज्या अ‍ॅक्सॉनवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त थराचं, वेष्टण असतं ते तुलनेनं तग धरतात, उघडे जास्त लवकर मरतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. लहान मुलाच्या मेंदूत मायलिन चढण्याचं काम चालू असतं. ते साधारण मागून पुढे सरकतं, आणि कपाळामागच्या भागात विशी उलटली तरी पुरतं झालेलं नसतं. लक्ष टिकवणं, बेत आखणं, राग आवरणं ही कामं याच भागाची. दोन वर्षांच्या मुलाकडून यातलं काहीच कुणी अपेक्षित करत नाही. म्हणून तिथली जखम दुसऱ्या वर्षी दिसतच नाही. मूल चालतं, बोलतं, हसतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मग तिसरी-चौथीत लांबलचक परिच्छेद वाचून उत्तर लिहायची वेळ येते आणि मूल अडखळू लागतं. तोवर पडल्याची घटना सगळे विसरलेले असतात. मुलाला आळशी, हट्टी अशी विशेषणं मिळतात.

हे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी १९७० च्या दशकात माकडांत दाखवलं होतं. कपाळामागच्या वरच्या भागाला इजा केलेली पिल्लं लहानपणी चाचण्यांत ठीक होती, मोठी झाल्यावर मागे पडली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मानसशास्त्रज्ञ विकी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सौम्य मार असलेली बहुतेक मुलं पूर्ण बरी राहिली, हे आधी ठळकपणे सांगायला हवं. पण गंभीर मार लागला असेल, तर लहान वय हे कवच ठरलं नाही, उलट धोका ठरलं. घरातलं वातावरण, पालकांवरचा ताण, शिकवणीतली मदत यांचाही पुढच्या प्रगतीवर स्पष्ट परिणाम दिसला. ही गोष्ट आपल्या हातातली आहे, आणि मेंदू तल्लख करण्याच्या नावानं विकली जाणारी सिरपं ती करू शकत नाहीत.

म्हणून मध्यम किंवा गंभीर मारातून वाचलेल्या मुलाला ‘बरं झालं’ म्हणून फाइल बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिलीत जाण्यापूर्वी, तिसरी-चौथीच्या सुमारास आणि वयात येताना विकासाची आणि शिकण्याची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. डिस्चार्ज कार्ड लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा. त्यावर कोमा स्केलचे गुण, बेशुद्धी किती वेळ होती आणि स्कॅनमध्ये काय दिसलं हे लिहिलेलं आहे ना ते घरी निघण्यापूर्वीच पाहा, नसेल तर लिहून मागा. वर्गशिक्षक अभ्यासाची तक्रार करतील तेव्हा त्यांनाही हे कार्ड दाखवा.