गोपुरी (वर्धा)

वर्धा शहराला लागून, नालवाडीजवळ वसलेले एक ठिकाण. कापसाच्या व्यापारातून आणि पुढे कारखानदारीतून मोठे धनिक झालेले उद्योगपती जमनालाल बजाज (४ नोव्हेंबर १८८९ – ११ फेब्रुवारी १९४२) यांनी आयुष्याचे अखेरचे महिने येथील झोपडीत गोसेवेत घालवले. विनोबा भावे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या ग्रामसेवा मंडळाचे काम याच परिसरात चालते आणि गीताई मंदिरही येथेच आहे. तरीही वर्ध्यात मोठे घर, बागा आणि पेढी असलेला माणूस येथे झोपडीत का आला, हे समजून घेतल्याशिवाय गोपुरीची ओळख पुरी होत नाही, आणि त्याचे उत्तर त्यांच्या खाजगी आयुष्यातच शोधावे लागते.

जमनालालांचा जन्म राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरात ते लहानपणीच नातू म्हणून दत्तक आले. त्या काळचे वर्धा म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या कापसाची मोठी बाजारपेठ. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, सावकारी आणि खेड्यांची मालगुजारी (जमीनमहसूल वसुलीचा हक्क) यांवर शेठ घराण्यांची प्रतिष्ठा उभी होती, आणि लग्नकार्यात अंगावर किती दागिने आहेत यावरून ती लोकांना दिसत असे. १९०७ साली, सतरा वर्षांचे असताना, एका लग्नाला दागिने घालून जाण्यास जमनालालांनी नकार दिला, त्यावरून आजोबा रागावले आणि दत्तक घेतल्याची व संपत्तीची बोलणी ऐकवू लागले. तेव्हा या मुलाने पत्र लिहून सगळ्या वारशावरचा हक्क सोडला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तो घराबाहेर पडला. समजूत घालून त्याला परत आणण्यात आले, पण त्या संपत्तीकडे पाहण्याची त्याची दृष्टी कायमची बदलली. वारशाने आलेला पैसा आपला नाही, आपण तो केवळ सांभाळतो, असे मानून त्यांनी तो पुढे सार्वजनिक कामांना देऊन टाकला. विश्वस्तपणाची कल्पना त्यांना गांधीजींकडून मिळाली असे सहसा सांगितले जाते. परंतु गांधीजी १९१५ साली भारतात परतले आणि हे पत्र त्याच्या आठ वर्षे आधीचे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. गांधीजींनी त्या ओढीला दिशा दिली. ओढ आधीचीच होती.

१९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते आणि तेथेच आपल्याला पाचवा मुलगा मानावे अशी विनंती त्यांनी गांधीजींना केली. त्यानंतर घरातले आयुष्य एकेका गोष्टीने बदलत गेले. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. पत्नी जानकीदेवी यांनी सोन्याचे दागिने कायमचे उतरवले, विदेशी कपड्यांची होळी केली आणि पुढे पडदाही सोडला. मारवाडी शेठाच्या घरातील सुनेने असे करणे त्या दिवसांत किती अवघड होते, याची कल्पना आज करणेही कठीण आहे, आणि या बदलाचे श्रेय एकट्या जमनालालांना देणे अन्यायाचे होईल. थोरल्या मुलीचे लग्न १९२६ साली साबरमती आश्रमात साधेपणाने झाले. घरचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी उघडण्यात आले. आपली बाग त्यांनी ग्रामोद्योग संघासाठी दिली, तीच मगनवाडी. सेगावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे होता. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला गेले आणि पुढे गावाचे नाव सेवाग्राम झाले.

या सगळ्या काळात त्यांचे बजाजवाडीतील घर पाहुण्यांनी भरलेले असे. काँग्रेसचे खजिनदारपद, कार्यकारिणीच्या बैठका, देशभरातून येणारे पुढारी, कारखान्यांचे व्यवहार यांत एकांत असा उरला नव्हता. बाहेरून यशस्वी दिसणाऱ्या या माणसाच्या मनात मात्र मोठी अस्वस्थता होती. आपले दोष, मनाचा दुबळेपणा आणि शांतीची ओढ यांविषयी त्यांनी गांधीजींना पत्रांतून मोकळेपणाने कळवले. धनिकांच्या खाजगी आयुष्याबद्दल कुतूहल पुष्कळ असते, पण कागद बहुधा हिशेबाचे मिळतात. जमनालालांची पत्रे आणि रोजनिशी यांमुळे या एका धनिकाच्या मनापर्यंत पोचता येते, आणि म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे.

गांधीजींनी युद्धाविरोधात सुरू केलेल्या वैयक्तिक सत्याग्रहात अटक झाल्यानंतर १९४१ साली प्रकृतीच्या कारणाने त्यांची तुरुंगातून सुटका झाली. विश्रांतीच्या काळात देहरादून येथे संत आनंदमयी माँ यांच्या सहवासात त्यांना समाधान लाभले. परतल्यावर, राजकारण आणि व्यापार यांपासून दूर असे कोणते काम उरलेल्या आयुष्यात करावे, असे त्यांनी गांधीजींना विचारले आणि गोसेवेचे काम पत्करले. त्याच वर्षी वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल गोपुरीत झोपडी बांधून राहू लागले. त्यांची निवृत्ती तीर्थक्षेत्री किंवा थंड हवेच्या ठिकाणी झाली नाही. स्वतःच्या पेढीपासून जवळच, शेण आणि वैरण यांच्या सान्निध्यात ती झाली, यातच तिचे वेगळेपण आहे.

गोसेवा संघाचा विचार भावनेपेक्षा हिशेबावर अधिक उभा होता. विदर्भातील शेतकऱ्याला तेव्हा नांगर-वखराला आणि बंडीला बैल हवा असे, दुधातुपाला मात्र म्हैस परवडे. या दोहोंमध्ये गाय दुर्लक्षित राही, तिला सरकी-ढेप मिळत नसे, आणि ती आटली की कसायाच्या दारी जाई. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी-कारंजा भागातील गवळाऊ ही पांढरी, हलक्या अंगाची, चालीला वेगवान जात बैलांसाठीच नावाजलेली आहे. दुधाला ती बेताची. म्हणून गाईच्या दुधाला गिऱ्हाईक निर्माण करणे, वंश सुधारणे आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचा उपयोग करणे यांवर संघाने भर दिला. सदस्यांनी गाईचेच दूध-तूप खावे आणि मारलेल्या जनावराचे कातडे वापरू नये, असा त्याचा आग्रह होता. नालवाडीचे चर्मालय याच विचाराशी जोडलेले होते. मेलेले ढोर ओढण्याचे आणि कातडे कमावण्याचे काम ज्यांच्यावर जातीने लादले होते, त्यांच्या प्रश्नाला या कार्यक्रमाने हात घातला, हे त्याचे मोठेपण. जातीची उतरंड मात्र त्यामुळे मोडली नाही.

१ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात गोसेवा परिषद भरली आणि त्यानंतर दहाच दिवसांनी जमनालालांचे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. वय अवघे बावन्न. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले. जानकीदेवींनी स्वतःला गोसेवेला वाहून घेतले. पुढे भूदान चळवळीतही त्या विनोबांबरोबर होत्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

गीताई मंदिराला छप्पर नाही. विनोबांच्या ‘गीताई’चे अठरा अध्याय उभ्या शिळांवर कोरलेले असून शिळांची मांडणी वरून पाहिल्यास गाय आणि चरखा यांचे आकार दिसतात. १९८० साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोसेवेच्या कामाचा रोजच्या व्यवहारातील वारसा वर्ध्याच्या गोरस भांडाराने चालवला असून ते शेतकऱ्यांकडून गाईचे दूध घेते. त्याचा गाईच्या तुपातला गोरसपाक हा बिस्किटासारखा गोड पदार्थ विदर्भभर परिचित आहे.