ट्रीटेड प्लाय की मरीन प्लाय? अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीवर डेक टाकण्यापूर्वी

अमेरिकेत मासेमारीचा नाद लागला की पहिली बोट बहुधा अ‍ॅल्युमिनियमची जुनी जॉन बोटच मिळते. सपाट तळ, पुढून चौकोनी, लांबीला चौदा फुटांच्या आसपास, आत दोन-तीन आडवे बाक. बसून गळ टाकायला ती झकास. पण उभं राहून लांब फेक करायची तर तळाच्या आडव्या पट्ट्यांवर पाय ठरत नाहीत. म्हणून बाकांच्या मध्ये सांगाडा ठोकून वर प्लायचा डेक, म्हणजे सपाट मजला, टाकायचा, हा तिथल्या हौशी लोकांचा हिवाळ्यातला आवडता उद्योग. मिशिगन-टेक्सासकडची आपली मंडळीही आता त्यात दिसतात.

लाकडाच्या दुकानात गेलं की घोळ होतो तो इथे. एक प्लाय ‘प्रेशर ट्रीटेड’, जरा हिरवट, बऱ्यापैकी स्वस्त आणि कुठेही मिळणारा. दुसरा ‘मरीन’, महाग, बऱ्याचदा मागवून घ्यावा लागणारा. दोन्ही पाण्यासाठीच असतात, फरक फक्त पैशांचा, असं वाटून माणूस पहिला उचलतो. अंगणातल्या ओट्यासाठी ते ठीकच आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत मात्र हा प्लाय स्वतः टिकतो आणि बोट खातो.

ट्रीटेड प्लायमध्ये दाबाखाली रसायन मुरवलेलं असतं, बुरशी आणि वाळवी लागू नये म्हणून. २००३ अखेरपर्यंत घरगुती लाकडाला मुख्यतः क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण देत. आर्सेनिकच्या भीतीने ते घरगुती वापरातून गेलं आणि त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचं प्रमाण वाढलं. बुरशीला तांबं सोसत नाही, हे खरं. पण ते अ‍ॅल्युमिनियमलाही सोसत नाही. हे दोन धातू ओल्या जागी एकत्र आले की विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. आधी पांढरी भुकटी, मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, शेवटी आरपार भोक. खाऱ्या पाण्यात हे झपाट्याने होतं, गोड्या पाण्यात सावकाश, पण होतं. बोटींच्या बुडाला लावायचा तांबं असलेला रंग अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींना लावत नाहीत, तोही याच कारणाने.

धातूंचं हे वैर जुनं आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे सडून गेलेले. जिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथलं लोखंड मात्र शाबूत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मध्ये रबराची पट्टी घालू, काम झालं. धातूचा पत्रा असता तर झालंही असतं. ट्रीटेड प्लायमधलं तांबं मात्र थोडं थोडं पाण्यात उतरतं. डेकवर पाऊस पडला की ते पाणी कडांवरून खाली ठिबकतं आणि तळाच्या पत्र्यावर साचतं. पट्टी राहते वर, तांबं पोहोचतं खाली. तांब्याचे अतिसूक्ष्म कण वापरलेले काही नवे ट्रीटेड प्रकार अ‍ॅल्युमिनियमला चालतात, असा त्यांच्या कंपन्यांचा दावा आहे. पण बोटीच्या तळात दिवसेंदिवस पाणी साचून राहतं, आणि त्या भरवशावर मी तरी जाणार नाही.

आता मरीन प्लाय. त्याबद्दलचा गैरसमज उलट्या दिशेचा: एवढा महाग म्हणजे तो कुजतच नसेल. कुजतो. अमेरिकन मरीन प्लायला बुरशीविरुद्ध काहीही दिलेलं नसतं. पैसे मोजायचे ते दोन गोष्टींचे. एक, पाण्यात न सुटणारा गोंद. दुसरी, भरीव गाभा. साध्या प्लायच्या आतल्या थरांत फटी आणि पोकळ्या राहतात. तिथे पाणी शिरून अडकतं आणि वर पाय पडला की फळी दबते. मरीन प्रतीत या पोकळ्यांना फारच कमी मुभा असते. लाकूड मात्र डग्लस फरचं, म्हणजे उघडं ठेवलं तर कुजणारंच.

आपल्याकडून गेलेल्यांचा इथे आणखी एक घोटाळा होतो. पुण्या-मुंबईत ओट्याखालच्या कपाटांना सुतार जो ‘७१० मरीन’ सुचवतो, त्याला त्याच क्रमांकाच्या भारतीय मानकानुसार कीड-बुरशीविरुद्धचं रसायनही दिलेलं असतं. ती सवय डोक्यात ठेवून तिथला मरीन प्लाय कोरा बसवला आणि वर गालिचा चिकटवला, तर ओला गालिचा त्याचं मातेरं करतो.

म्हणून ट्रीटेड सोडून प्लाय कुठलाही घ्या, खरी मेहनत इपॉक्सीची, म्हणजे दोन द्रव मिसळून लावायच्या, पाणी अडवणाऱ्या लेपाची. दोन्ही बाजू आणि सगळ्या कडांना तीन हात द्यायचे. कडा सर्वांत जास्त पाणी पितात, तिथे हात आखडू नये. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडायचं. एवढं करणार असाल तर गोड्या पाण्यातल्या बोटीला मरीन प्लायही लागत नाही, असं माझं मत. बाहेरच्या वापराचा, ट्रीट न केलेला चांगल्या प्रतीचा प्लायही पुरतो, कारण गोंद त्यालाही पाण्यात टिकणाराच असतो. समुद्राच्या खाडीत जाणार असाल तर मात्र मरीनच घ्या. सांगाड्यालाही ट्रीटेड लाकूड नको. अ‍ॅल्युमिनियमचे अँगल, म्हणजे काटकोनी पट्ट्या, हलके आणि बिनकटकटीचे.

जाडीचा मोह आवरा. चार बाय आठचा पाऊण इंची फरचा प्लाय साधारण तीस किलो भरतो. दोन टाकले की बोटीतला एक माणूस कमी झाला म्हणायचं. आतल्या बाजूला वजनमर्यादेची पाटी असते, ती वाचा. अँगल जवळजवळ घातले तर अर्धा इंची पुरतो. डेक जितका उंच तितकी बोट डुलते. तीन फुटांहून कमी रुंद तळ असेल तर उंच डेकचा विचारच नको. बाक कापू नका. ते बोटीला ताठ ठेवतात आणि त्यांच्या पोटातला फोम बोट भरली तरी तिला तरंगत ठेवतो.

जुनी बोट घेताना डेक आधीच बसवलेला असेल, तर कडेची फळी उचलून पाहा. हिरवट छटा किंवा खाली पांढरी भुकटी दिसली तर तो डेक काढूनच टाका. मग बोट ट्रेलरवर असतानाच आत दोन इंच पाणी भरा आणि खाली वाकून कुठून ठिबकतं ते खुणा करून ठेवा. त्याहून जास्त भरू नका. दोन इंच पाणीसुद्धा दोनशे-अडीचशे किलोंच्या घरात जातं.