वरची तुंगुस्का कुठे गेली? रशियातील महानद्या आणि त्यांची नावे

३० जून १९०८ रोजी सायबेरियाच्या आकाशात एक प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरील जंगल भुईसपाट झाले, ही हकिगत बहुतेक विज्ञानप्रेमी वाचकांना ठाऊक असते. तो स्फोट ज्या नदीच्या नावाने ओळखला जातो तिचे पूर्ण नाव ‘पदकामेन्नाया तुंगुस्का’, म्हणजे ‘खडकाखालची तुंगुस्का’ असे आहे. नकाशात तिच्या उत्तरेला आणखी एक नदी दिसते, ती ‘निझ्नाया तुंगुस्का’, म्हणजे ‘खालची तुंगुस्का’. दोन्ही नद्या पूर्वेकडून येऊन येनिसी या महानदीला मिळतात. ‘खालची’ आहे त्या अर्थी कुठे तरी ‘वरची’ही असायला हवी, असे वाटून आपण येनिसीच्या काठाने दक्षिणेकडे बोट फिरवत जातो. तिथे पूर्वेकडूनच येणारी एक मोठी नदी आढळते खरी, पण तिचे नाव तुंगुस्का नसून अंगारा असते. (आपल्याकडच्या अंगाऱ्याशी या नावाचा काही संबंध नाही, बुर्यात भाषेतील ‘उघडे मुख’ या अर्थाच्या शब्दापासून ते आले, असे मानतात.)

वरची तुंगुस्का म्हणजे हीच नदी. सतराव्या शतकात रशियन कोसॅक, म्हणजे सीमाभागातील लढवय्ये, आणि फरचे व्यापारी येनिसीकडून या नदीत शिरले, तेव्हा काठावर त्यांना एवेन्की लोक भेटले. रशियन त्यांना ‘तुंगुस’ म्हणत, म्हणून नदी झाली ‘वरची तुंगुस्का’. याच नदीच्या उगमाकडे, बैकाल सरोवराच्या बाजूला, बुर्यात लोकांची वस्ती होती आणि तिथे ती अंगारा म्हणून ओळखली जात होती. खालून आलेले एक नाव आणि वरून आलेले दुसरे, अशी दोन्ही नावे एकाच प्रवाहावर बराच काळ नांदली. पुढे अंगारा हे नाव मुखापर्यंत पोहोचले, वरची तुंगुस्का नकाशातून गेली आणि तिच्या दोन बहिणी मात्र ‘खालची’ व ‘खडकाखालची’ अशा तशाच राहिल्या.

रशियातील महानद्यांचा भूगोल समजून घेताना ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण नाव देणारा माणूस नदीच्या कोणत्या काठावर, कोणत्या टोकाला उभा होता हे त्या नावात राहून जाते. शाळेत आपण ‘ओब, येनिसी, लेना’ असे एका दमात पाठ करतो, पण या प्रत्येक नावामागे असाच कुणी तरी उभा आहे.

दोन नद्या एकत्र आल्यावर पुढच्या प्रवाहाला कोणाचे नाव द्यायचे, याला निसर्गाचा नियम नाही. जलशास्त्रज्ञ लांबी, पाण्याचे प्रमाण, खोऱ्याचे क्षेत्रफळ आणि दरीचे वय पाहतात. लोक यातले काहीच पाहत नाहीत. बैकालला तीनशेहून अधिक नद्या मिळतात आणि त्यातून बाहेर पडते ती एकटी अंगारा. १७७९ किलोमीटर वाहून ती स्त्रेल्का या गावाजवळ येनिसीला भेटते, त्या ठिकाणी अंगाराचे पाणी येनिसीपेक्षा जास्त असते. हिशेबाप्रमाणे येनिसीच अंगाराला मिळते असे म्हणायला हवे. पण रशियन लोक पश्चिमेकडून आले, येनिसीच्या मुख्य धारेवर आधी पोहोचले आणि अंगारा त्यांना बाजूने येणारी नदी म्हणून दिसली.

वोल्गाच्या बाबतीतही हेच घडले आहे. वोल्गा ही युरोपातील सर्वांत लांब नदी असून तिची लांबी ३५३० किलोमीटर आहे. मॉस्कोच्या वायव्येस वाल्दाय टेकड्यांमध्ये, वोल्गोवेर्खोव्ये नावाच्या गावात तिचा उगम होतो. झऱ्यावर लाकडी छत्री उभारलेली आहे आणि तिथून निघणारा ओहोळ मोठ्या माणसाने एका ढांगेत ओलांडावा एवढाच आहे. हा उगम समुद्रसपाटीपासून केवळ २२८ मीटर उंचीवर आहे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही उंची क्षुल्लक वाटते, पण तेवढ्या उतारावर ही नदी साडेतीन हजार किलोमीटर जाते आणि समुद्रसपाटीच्याही सुमारे २८ मीटर खाली असलेल्या कॅस्पियन समुद्राला मिळते. वाटेत, कझान शहराच्या दक्षिणेला, उरल पर्वताच्या बाजूने आलेली कामा नदी तिला भेटते. या संगमाशी कामाचे पाणी वोल्गाच्या बरोबरीचे, किंबहुना थोडे अधिकच भरते. शिवाय कामाची दरी वयाने जुनी आहे. त्यामुळे वोल्गा कामाला मिळते आणि कॅस्पियनपर्यंत जाते ती कामाच, असा युक्तिवाद रशियातील भूगोलप्रेमी दर पिढीत नव्याने करतात. वाद घालायला संगमही आता मूळ रूपात उरलेला नाही, कारण १९५० च्या दशकात बांधलेल्या धरणाच्या जलाशयात तो बुडाला.

या भागातील तुर्की वंशाच्या भाषा बोलणारे लोक वोल्गाला ‘इदेल’ किंवा ‘इतिल’ म्हणतात, चुवाश लोक ‘अतल’ म्हणतात, तर कामाला मिळणाऱ्या एका मोठ्या नदीचे बश्कीर नाव ‘आगिदेल’, म्हणजे ‘पांढरी इदेल’ असे आहे. म्हणजे उरलकडून पाहणाऱ्यांनी तो प्रवाहही इदेलच्याच कुळात धरला होता. रशियन भाषेत त्या नदीचे नाव ‘बेलाया’ झाले, त्याचा अर्थही पांढरीच. पंढरपुरात भीमेची चंद्रभागा होते हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्या आपल्या वाचकांना एका नदीला अनेक नावे असणे नवे नाही. मात्र इथे नाव बदलते ते पलीकडच्या काठावर दुसरी भाषा बोलली जाते म्हणून.

‘वोल्गा’ या रशियन नावाचा संबंध ओलावा, आर्द्रता या अर्थाच्या जुन्या स्लाव शब्दाशी जोडला जातो. त्याहून जुने नाव दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात सापडते, ते ‘ऱ्हा’. भाषाशास्त्रज्ञ या नावाचे नाते प्राचीन इराणी भाषांतील ‘रन्हा’ आणि ऋग्वेदातील ‘रसा’ या नदीनामांशी जोडतात. देवांची कुत्री सरमा जी नदी ओलांडून गाई पळवणाऱ्या पणींकडे गेली, तीच ही वैदिक रसा. याचा अर्थ वैदिक लोक वोल्गाकाठी राहत होते असा घाईने काढू नये, कारण स्थलांतर करणारे लोक नावेही बरोबर नेतात आणि नव्या नदीला जुने नाव देतात. सुरक्षितपणे म्हणता येते ते एवढेच की, आपण आंब्याच्या रसात जो ‘रस’ म्हणतो, त्याच धातूचा द्रवरूप अर्थ त्या दूरच्या नदीच्या नावात आहे. वोल्गाकाठचे मोर्दविन लोक आजही तिला ‘राव’ म्हणतात, तेही याच जुन्या नावाचे रूप मानले जाते.

डॉन नदीची कथा अधिक स्पष्ट आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेला पसरलेल्या गवताळ प्रदेशात एकेकाळी शक आणि सरमाती टोळ्या फिरत. त्यांच्या इराणी भाषेत ‘दानु’ म्हणजे नदी. वैदिक संस्कृतातही ‘दानु’ शब्द द्रव, थेंब या अर्थाने येतो. डॉन हे त्याचेच रूप. युक्रेनमधील नीपर आणि नीस्टर, तसेच युरोपातील डॅन्यूब या नावांतही हाच शब्द दडलेला असल्याचे मानतात. त्या टोळ्यांच्या भाषेची वारस असलेली ओसेती भाषा कॉकेशस पर्वतात अजून बोलली जाते आणि तिच्यात पाण्याला आजही ‘डॉन’ म्हणतात. टोळ्या गेल्या, त्यांची राज्ये गेली, त्यांचा पाणी या अर्थाचा शब्द मात्र नदीवर राहिला.

सायबेरियात गेल्यावर हेच चित्र अधिक मोठे होते. येनिसी हे नाव एवेन्की भाषेतील ‘मोठे पाणी’ या अर्थाच्या शब्दापासून, आणि लेना हे ‘एल्यु-एने’, म्हणजे ‘मोठी नदी’ या एवेन्की नावापासून आले, असे सांगितले जाते. ओब नदीला तिच्या काठचे खांती लोक नुसते ‘आस’ म्हणतात, त्याचाही अर्थ मोठी नदीच. खांती भाषेत साध्या नदीला ‘युगान’ असा शब्द आहे, आणि खनिज तेलासाठी प्रसिद्ध असलेल्या नेफ्तेयुगान्स्क शहराच्या नावात रशियन ‘नेफ्त’, म्हणजे खनिज तेल, आणि हा खांती ‘युगान’ शेजारी शेजारी बसले आहेत. जवळच ‘बोल्शोय युगान’ नावाची नदी आहे. बोल्शोय हा रशियन शब्द, अर्थ मोठी. ज्याच्या परिसरात एकच महानदी आहे, त्याला तिच्यासाठी वेगळे विशेषनाम लागत नाही. परका माणूस येऊन विचारतो, ‘हिचे नाव काय?’ आणि उत्तर मिळते, ‘नदी’.

ओब आणि इर्तिश यांच्या संगमाशी पुन्हा जुना प्रश्न उभा राहतो. चीनमधील अल्ताय पर्वतात उगम पावून, कझाकस्तान ओलांडून येणारी इर्तिश ४२४८ किलोमीटर लांब आहे, तर बिया आणि कातून या दोन नद्यांच्या संगमापासून समुद्रापर्यंत ओबची सगळी लांबी ३६५० किलोमीटर भरते. लांबीने इर्तिश सरस, पण संगमाशी पाणी ओबचे जास्त, म्हणून इथे नाव आणि पाण्याचा हिशेब निदान जुळतो. इर्तिशच्या उगमापासून ओबच्या मुखापर्यंत मोजले, तर ही जोडी ५४१० किलोमीटर होते.

ओब, येनिसी आणि लेना या तिन्ही महानद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात, कारण अल्ताय, सायान आणि बैकालभोवतीचे पर्वत दक्षिणेला आहेत आणि जमिनीचा उतार आर्क्टिक महासागराकडे आहे. ऐकायला साधी वाटणारी ही दिशा तिथल्या माणसांचे वर्षभराचे जगणे ठरवते. वसंत ऋतू दक्षिणेत आधी येतो. वरच्या भागातला बर्फ वितळून पाणी खाली धावू लागते, तेव्हा मुखाकडची नदी अजून गोठलेली असते. फुटलेल्या बर्फाच्या लाद्या वळणावर, बेटांच्या फटीत अडकतात, एकीवर दुसरी चढते, पाण्याला बांध बसतो आणि मागचे पाणी तासातासाने चढत जाते. मे २००१ मध्ये लेनाकाठचे लेन्स्क शहर अशाच तुंबलेल्या बर्फामुळे जवळजवळ पूर्ण बुडाले. बर्फाचा बांध फोडण्यासाठी विमानांतून बॉम्ब टाकावे लागले होते.

नदीचे किनारेही इथे नावे देतात. वोल्गाचा उजवा काठ उंच, दरडींचा, आणि डावा काठ सखल, कुरणांचा. म्हणून रशियन लोक त्यांना ‘डोंगरी बाजू’ आणि ‘कुरणाची बाजू’ म्हणतात. मारी या जमातीचे दोन गटही त्यावरूनच ‘डोंगरी मारी’ आणि ‘कुरणातले मारी’ असे ओळखले जातात. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या निसर्गशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात असे मांडले की, पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धातील वाहते पाणी उजवीकडे ढकलले जाते आणि तो काठ अधिक झिजतो. हा जोर अत्यंत अल्प असतो, मग तो काठ कसा कापेल? १९२६ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी एका छोट्या लेखात त्याचे उत्तर चहाच्या कपातून दिले. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध जमते, कारण तळाजवळचे पाणी घर्षणाने मंदावते आणि वरचे वेगवान पाणी बाहेर जात असताना तळातून आत परतणारा प्रवाह तयार होतो. नदीतही वरचे वेगवान पाणी उजव्या काठाशी सरकते आणि तळाचे मंद पाणी उलट जाते, म्हणून उजवा काठ खरवडला जातो. वोल्गाच्या उंच काठामागे खडकांची रचना व इतर कारणेही आहेत, पण हा विचार मला त्याच्या साधेपणामुळे विलक्षण सुंदर वाटतो.

काही नावे चुकीने जन्मली आणि एक तर हुकमाने पुसले गेले. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरील अमूर नदीला मांचू लोक ‘साहालियान उला’, काळी नदी म्हणत; चिनी लोक तिला ‘हेइलोंगज्यांग’, म्हणजे काळ्या ड्रॅगनची नदी म्हणतात. अठराव्या शतकातील युरोपीय नकाशावर नदीच्या मुखाजवळ ‘काळ्या नदीच्या मुखाशी असलेले खडक’ अशा अर्थाचे मांचू शब्द लिहिलेले होते. वाचणाऱ्यांना ते समोरच्या बेटाचे नाव वाटले, आणि त्यातूनच ते बेट जगभर साखालिन झाले. नदीचे नाव समुद्र ओलांडून बेटावर जाऊन बसले.

उरल पर्वतातून कॅस्पियनकडे जाणाऱ्या नदीचे नाव १७७५ पर्यंत याइक होते. पुगाचोव्हच्या नेतृत्वाखाली याच नदीकाठच्या कोसॅकांनी बंड केले. ते मोडून काढल्यावर सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने त्या बंडाची आठवणही उरू नये म्हणून जानेवारी १७७५ मध्ये नदीला उरल हे नाव देण्याचा हुकूम काढला. याइत्स्की गावाचे उराल्स्क झाले. पण नदीचा खालचा भाग आज कझाकस्तानात आहे, आणि तिथे कझाक भाषेत तिला अजूनही ‘झायिक’ असेच म्हणतात.

येनिसीचा वरचा भाग तुवा प्रजासत्ताकात आहे. तिथे किझिल शहराशी बी-खेम आणि का-खेम असे दोन प्रवाह एकत्र येतात. रशियन नकाशात ते ‘मोठी येनिसी’ आणि ‘छोटी येनिसी’ आहेत, कारण खाली आर्क्टिकजवळ ऐकलेले एवेन्की नाव रशियनांनी प्रवाहाच्या उलट दिशेने इथवर आणले. तुवा भाषेत ‘खेम’ म्हणजे नदी. संगमाच्या काठावर आशियाचे केंद्र दाखवणारा स्तंभ उभा आहे, आणि त्याच्यासमोरून पुढे जाणाऱ्या प्रवाहाला तुवा लोक आपल्या भाषेत ‘उलुग-खेम’ म्हणतात. उलुग म्हणजे मोठी. इथून ३४८७ किलोमीटर खाली, दुसऱ्या लोकांनी दुसऱ्या भाषेत याच पाण्याला जे नाव दिले, त्याचा अर्थही तोच आहे.