झीज की मोडतोड? इंदूरमध्ये घर सोडताना डिपॉझिट नेमकं कशाचं कापलं जातं

इंदूरमधले बहुतेक किरायेनामे हिंदीत असतात आणि त्यांत एक वाक्य हटकून सापडतं: ‘मकान में किसी भी प्रकार की टूट-फूट होने पर किरायेदार जिम्मेदार होगा.’ सही करताना तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. घर सोडायच्या दिवशी मात्र सगळी ओढाताण याच एका शब्दावर येऊन थांबते. ‘टूट-फूट’ या शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत आणि आपल्याकडे मराठीत त्यांना वेगळी नावं आहेत. उंबरा झिजतो, काच फुटते. पहिली झीज, दुसरी मोडतोड. झिजेचा खर्च मालकाचा, मोडतोडीचा राहणाऱ्याचा.

कायद्यातही हा फरक जुना आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम १०८ म्हणतं की भाडेकरूने घर जसं मिळालं तशा स्थितीत परत करावं. वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती तेवढी सोडून. पण याच कलमाच्या सुरुवातीला एक मेख आहे: हे सगळं करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं ठरलेलं नसेल तरच. म्हणजे ‘किसी भी प्रकार की टूट-फूट’वर तुम्ही सही केली असेल, तर मालकाला निदान वाद घालायला जागा मिळते. म्हणून सहीच्या आधीच त्या ओळीपुढे ‘सामान्य उपयोग से हुई घिसाई को छोड़कर’ एवढे शब्द घालून घ्यावेत. मी आजवर तीन घरं बदलली. ही भर घालायला एकाही मालकाने नकार दिला नाही. टायपिंगवाल्याने तेवढा कंटाळा केला.

(पुण्याचा एखादा भाऊ हमखास फोनवर ‘लीव्ह अँड लायसन्स’चे नियम समजावतो. त्याचं बरोबर असेल, पण तो महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा झाला. इथे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ आहे. भावाचं प्रेमाने ऐकावं आणि सोडून द्यावं.)

आता प्रत्यक्ष घरात येऊ. चार वर्षांत भिंतीचा रंग फिका पडला, तर ती झीज. पोरांनी खडूने चितारलेली भिंत ही मोडतोड. कालनिर्णय टांगायला ठोकलेला एक खिळा कोणी मोजत नाही, पण टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी ड्रिलने पाडलेली आठ भोकं मोजली जातात आणि मोजली जावीत. फरशीची चकाकी गेली, तर पायांनी गेली. खलबत्ता पडून टवका उडाला, तर हातून उडाला. दाराची कडी सैल होणं आणि किल्ली हरवणं यांतही हाच फरक. इथवर कोणाचं दुमत होत नाही.

घोळ होतो तो मधल्या गोष्टींत. देवघराच्या वर भिंतीवर निरांजनाची काजळी धरते. ओट्यामागे फोडणीचे तेलकट शिंतोडे साठतात. नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढतात. आपल्या शहरात नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं आणि मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या बहुमजली इमारतीत, त्याची उणीव बोअरने भरून काढतात. ते पाणी इतकं जड असतं की नवा शॉवर वर्षभरात अर्धा बंद होतो. ही झीज की मोडतोड? मला वाटतं, दोन्ही नाही. ही निगा. काजळी पुसायची असते, क्षार व्हिनेगरने उतरवायचे असतात, नळाचा वॉशर बदलायचा असतो. हे काम त्या त्या वेळी झालं नाही तर शेवटी एकदम बिल होऊन पुढ्यात येतं.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यातही ही वाटणी दिसते. तो राज्यांनी स्वीकारण्यासाठी केलेला नमुना आहे, त्यामुळे तुमच्या किरायेनाम्यावर तो आपोआप चालत नाही. तरी बोलणी करताना गजकाठी म्हणून उपयोगी आहे. त्याच्या अनुसूचीत, वेगळं ठरलेलं नसेल तर, इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची पुताई, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे आहे. नळ आणि त्यांचे वॉशर, मोरीची सफाई, गीझर, स्विच-सॉकेट, खिडकीची काच, कडी-कुलूप राहणाऱ्याकडे. गंमत बघा, वॉशर झिजूनच जातो, पण बदलायचा तुम्ही. पाइपही झिजूनच जातो, पण तो मालकाने बदलायचा. म्हणजे रोज हात लागणारं ते राहणाऱ्याचं, भिंतीच्या आतलं ते मालकाचं, असा ढोबळ अंदाज करायला हरकत नाही. त्याच मसुद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं ठेवलं आहे.

भिंतीवरच्या भेगांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इंदूरमध्ये त्या घरोघरी दिसतात. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर वरची भिंत त्या फुगण्या-आकसण्याबरोबर हलते आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटू पाहणारी तिरकी भेग दिसली, की समजावं हे मातीचं काम आहे. ‘तुम्ही दार आपटता म्हणून भेग पडली’ असं ऐकवणारे मालक मला भेटलेले आहेत. दार आपटल्याने चौकटीजवळचं प्लास्टर सुटू शकतं, पण छताकडे चढत गेलेली वीतभर लांब भेग पडत नाही. राहायला आल्या दिवशीच भेगेच्या टोकाला पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहावी. पुढे भेग खुणेच्या पलीकडे गेली तर ते लगेच दिसतं.

सगळ्यात नडते ती ओल. इथे झीज, मोडतोड आणि निगा तिन्हींची गाठ पडते आणि हे मी पदरचे पैसे घालवून शिकले. दुसऱ्या घरात बेडरूमच्या भिंतीला जुलैत पोपडे धरले. पावसाची सीलन असेल, दिवाळीपर्यंत वाळेल, असं म्हणून मी गप्प बसले. दिवाळी आली, पोपडे वाढले. भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं आणि आतला पाइप झिरपत होता. तोवर भिंतीला टेकवलेल्या मालकाच्या कपाटाची प्लायची पाठ फुगून सुटली होती. मालक म्हणाले, ‘पाइप माझा, मान्य. पण कपाट तुमच्या गप्प बसण्याने गेलं.’ मी तेव्हा फार चिडले. आता वाटतं, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पाइपची झीज त्यांची होती, पण चार महिने न कळवल्यामुळे कपाटाची मोडतोड माझ्याकडे आली. शेवटी अर्धं-अर्धं केलं.

म्हणून ओल दिसली की आधी तिचा उगम ओळखावा. बाहेरच्या भिंतीवर येणारी, पाऊस थांबल्यावर हळूहळू वाळणारी ओल पावसाची असते, तिला वरची गच्ची किंवा बाहेरचं प्लास्टर जबाबदार. बाथरूम-स्वयंपाकघराच्या लगत, बारा महिने सारखी राहणारी ओल पाइपची. खात्री करायची तर रात्री झोपताना आपल्या फ्लॅटकडे येणारा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा, दोन-तीन रात्री हे करून पाहावं. डाग आकसू लागला तर संशय पक्का. तिसरी ओल आपण स्वतः करतो. पावसाळ्यात खिडक्या लावून खोलीतच कपडे वाळत घालायचे आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवायचं. मग कपाटामागे काळपट बुरशी धरते. ती पुसायची जबाबदारी आपली. कपाट चार बोटं पुढे ओढलं तर ती फारशी धरतही नाही.

पहिल्या दोन ओलींसाठी मालकाला लिहून कळवायचं, त्याच दिवशी. ‘काका, बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीला आज ओल दिसली, फोटो पाठवते, प्लंबर कधी पाठवता?’ एवढा व्हॉट्सअ‍ॅप पुरतो. फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. कलम १०८ मध्येच असंही आहे की जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे, ती कळवूनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. हा मार्ग शेवटचा समजावा, आणि बिल, प्लंबरने काढलेला फोटो आणि आधीचा निरोप हातात असल्याशिवाय वापरू नये. तो मेसेज असलेला फोन मात्र विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन जवळ असला की पुढचं काम सोपं होतं.

मोडतोड तुमचीच असली, तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत तुमच्या माथी येते असं नाही. समजा, घराचा रंग चार वर्षांपूर्वीचा आहे आणि तो साधारण पाच वर्षं टिकतो. पोरांनी भिंत रंगवली आणि त्या खोलीच्या पुताईचे ५००० रुपये झाले. चार वर्षांचा रंग तसाही वापरून संपला होता. तुम्ही खरं तर उरलेलं एक वर्ष खराब केलंत. हिशेबाने १००० रुपये. हे सूत्र कायद्यात असं लिहिलेलं नाही. पण भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम आधी ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत. ‘घर सोडताना एक महिन्याचं भाडं पुताईचं’ असं कलम किरायेनाम्यात असेल, तर तिथे मात्र आधीच हसून घासाघीस करा. नंतर ते अवघड जातं.

एक चूक बरेच जण करतात: डिपॉझिट परत मिळेल की नाही या भीतीने शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच देत नाहीत. राग समजतो. पण १९६१ च्या अधिनियमात, मागणीची नोटीस मिळून दोन महिने उलटले तरी थकबाकी न देणं हा घर खाली करवण्याचा आधार आहे, आणि झीज-मोडतोडीच्या वादात तुमची बाजू विनाकारण लंगडी होते. वळतं करायचंच असेल तर मालकाची लेखी हो घ्या.

तिसऱ्या घरात मी आल्या दिवशीच रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवला होता. प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक कपाटाची पाठ दाखवत, विजेच्या मीटरचा आकडा मोठ्याने वाचत. सोडताना आम्ही दोघं तोच व्हिडिओ लावून खोली-खोली फिरलो. ओट्यामागच्या डागापाशी ते थांबले, व्हिडिओ मागे नेला, डाग तिथे नव्हता. मी बादली आणि घासणी घेऊन आले. वीस मिनिटांत टाइल स्वच्छ झाली, तोवर त्यांनी चहा मागवला.