पॅक-मॅन सर्किट बोर्ड : चित्रदोषांचे निदान व दुरुस्ती

जपानच्या नामको कंपनीने १९८० मध्ये 'पक मॅन' या नावाने आणलेल्या व अमेरिकेत मिडवेने 'पॅक-मॅन' म्हणून विकलेल्या खेळाच्या सर्किट बोर्डात पडद्यावरील चित्र बिघडवणारे दोष, ते ओळखण्याची पद्धत आणि त्यांची दुरुस्ती. खेळाच्या आरंभाची तारीख कुठे मे १९८० तर कुठे जुलै १९८० अशी आढळते. टोकियोतील शिबुया येथे २२ मे रोजी झालेली चाचणी-मांडणी आणि त्यानंतरची प्रत्यक्ष विक्री यांपैकी कशाला आरंभ मानायचे, एवढाच हा फरक असावा. अमेरिकी विक्री त्याच वर्षाच्या अखेरीची. खेळ कसा खेळतात हे सर्वश्रुत असल्याने येथे फक्त बोर्डाचा विचार केला आहे.

रचना : प्रोसेसर झेड-८० असून तो ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालतो. मूळ स्फटिक १८.४३२ मेगाहर्ट्झचा आहे. त्याला तिनाने भागून ६.१४४ मेगाहर्ट्झचे पिक्सेल-घड्याळ मिळते आणि त्याच्या निम्मे प्रोसेसरला जाते. आडव्या रेषा सेकंदाला १६,००० आणि पूर्ण चित्रे सुमारे ६०.६. मॉनिटर कुशीवर वळवून बसवलेला असल्याने खेळणाऱ्याला २२४ पिक्सेल रुंद व २८८ पिक्सेल उंच चित्र दिसते. ते ८×८ पिक्सेलच्या २८×३६ टाइलांचे असते. भुते आणि स्वतः पॅक-मॅन हे १६×१६ चे स्वतंत्र स्प्राइट (टाइलांवरून फिरणारी छोटी चित्रे) असतात.

टाइलांची चित्रे ५ई या जागेवरील ४ किलोबाइटच्या रॉममध्ये (कायमच्या लिहिलेल्या स्मृतीत), स्प्राइटांची ५एफ मध्ये (नामकोच्या जुन्या मांडणीत प्रत्येकी दोन लहान रॉम), आणि खेळाचा प्रोग्राम ६ई, ६एफ, ६एच व ६जे या चार रॉममध्ये असतो. रंगांसाठी दोन प्रॉम (एकदाच लिहिता येणाऱ्या छोट्या रॉम) आहेत : ४ए वरील ८२एस१२६ टाइलीचा रंगगट ठरवतो, ७एफ वरील ८२एस१२३ प्रत्यक्ष रंग देतो. पडद्यावर कुठे कोणती टाइल हवी ते एक किलोबाइट, तिचा रंग एक किलोबाइट आणि प्रोसेसरची कामकाजाची स्मृती एक किलोबाइट, अशी रॅम सहा २११४ चिपांत विभागलेली आहे. २११४ चार बिटांची असल्याने प्रत्येक बाइट दोन चिपांत अर्धाअर्धा राहतो.

निदानाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. प्रोसेसरला रॅम वाचता येते आणि प्रोग्राम रॉमही वाचता येतात. पण ५ई, ५एफ व दोन्ही रंग-प्रॉम त्याच्या बसवर (माहितीच्या सामायिक वाहिन्यांवर) नाहीतच. सुरुवातीची स्वयंचाचणी 'मेमरी ओके' म्हणते तेव्हा ती फक्त प्रोसेसरला दिसणाऱ्या भागाची ग्वाही असते. चाचणी उत्तीर्ण आणि चित्र मात्र बिघडलेले, असे असेल तर दोष रॅमच्या पुढे, चित्राच्या वाटेवर शोधावा. उलट रॅम सदोष असेल तर तक्रारीचा संदेशही त्याच रॅममधून पडद्यावर येतो, त्यामुळे तो वाचण्याजोगा नसण्याचीच शक्यता अधिक.

चित्रदोष नसलेले दोष : चालू करताच पडदा वेड्यावाकड्या टाइलांनी भरणे हे स्वाभाविक आहे, कारण रॅममध्ये सुरुवातीला काहीही असू शकते. प्रोसेसर चालला तर तो काही सेकंदांत ती तपासून पुसतो. कचरा तसाच राहिला किंवा सारखा बदलत राहिला, तर बहुधा प्रोसेसरच अडलेला असतो. बोर्डावरील वॉचडॉगला १६ चित्रांच्या आत, म्हणजे पाव सेकंदाहून जरा अधिक काळात, प्रोग्रामकडून खूण मिळाली नाही की तो बोर्ड रिसेट करतो. झेड-८० च्या २६ क्रमांकाच्या (रिसेटच्या) पिनवर लॉजिक प्रोब (संकेत उच्च की नीच ते दाखवणारे साधन) ठेवून सेकंदाला चारेक ठोके दिसले, तर चित्राच्या चिपांना हात न लावता प्रोग्राम रॉम, कामकाजाची रॅम आणि सॉकेट पाहावीत. ६ क्रमांकाच्या पिनवर घड्याळ आहे ना, हे त्याआधी.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे २५६ वी पातळी. येथे पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे, आकडे आणि रंगीत तुकड्यांनी भरतो. जुन्या चर्चांत याला कधी रॅमचा, कधी रॉमचा दोष म्हटलेले आढळते. तो दोन्ही नाही. पातळीचा मोजक आठ बिटांचा असून शून्यापासून मोजतो, म्हणून २५६ व्या पातळीला त्यात २५५ असतात. तळाची फळे काढणारा भाग त्यात एक मिळवतो आणि उत्तर शून्यावर जाते. शून्य हे आठाहून कमी असल्याने 'तेवढीच फळे काढा' ही शाखा निवडली जाते. तिच्यातील आवर्तन आधी वजा करते व मग तपासते, त्यामुळे शून्याचे २५६ फेरे होतात. फळांची यादी केव्हाच संपलेली असते, तिच्यापलीकडचे बाइट टाइल आणि रंग म्हणून स्मृतीत लिहिले जातात. ते बाइट रॉममधून येत असल्याने मूळ प्रोग्रामच्या कोणत्याही बोर्डावर हे चित्र तेच दिसते, सीमा पडद्याच्या मध्यावर असते आणि डावा भाग शाबूत राहतो. खऱ्या बिघाडाला इतकी शिस्त नसते. या पातळीवर पुरेसे ठिपकेच उरत नाहीत, म्हणून ती पूर्ण होत नाही.

विद्युत पुरवठा : बोर्डाला ७ व्होल्ट एसी दिले जाते आणि त्याचे ५ व्होल्ट डीसी बोर्डावरच होतात. सगळा प्रवाह बोर्डाच्या कडेवरील ४४ संपर्कांच्या एज कनेक्टरमधून जातो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेथील पट्ट्या काळवंडतात, संपर्काचा रोध वाढतो आणि त्यामुळे आणखी उष्णता होते. व्होल्टेज पुरवठ्यापाशी न मोजता झेड-८० च्या ११ (धन) व २९ (ऋण) पिनांवर मोजावे. ते ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान हवे. ४.६ च्या आसपास बोर्ड चालतोही, पण स्प्राइट थरथरतात, मधूनच एखादी टाइल चुकते, आणि माणूस निष्कारण चिपा बदलत बसतो. पडद्यावर हळूहळू सरकणारे रुंद पट्टे दिसत असतील तर गाळणीचे मोठे कपॅसिटर संशयित.

पट्टे आणि चुकीची अक्षरे : ५ई मध्ये प्रत्येक टाइलला १६ बाइट मिळतात. एका बाइटमध्ये चार पिक्सेल असतात : प्रत्येक पिक्सेलला दोन बिट, प्रत्येक बिटाचा थर म्हणजे एक प्रतल. डी० ते डी३ हे पहिल्या प्रतलाचे चार बिट, डी४ ते डी७ दुसऱ्याचे. त्यामुळे रॉमची एक डेटा वाहिनी अडकली, की दर चौथ्या पिक्सेलला एक रेघ उमटते, म्हणजे प्रत्येक टाइलीत दोन. मॉनिटर वळवलेला असल्याने खेळणाऱ्याला त्या आडव्या दिसतात. ज्या टाइलीचा रंगगट पूर्ण काळा आहे तिथे रेघ दिसत नाही, म्हणून पट्टे तुटक वाटले तरी कारण एकच असू शकते. रेघेऐवजी सर्व टाइलांतून एक प्रतलच गेले, म्हणजे चार रंगांच्या जागी दोनच उरले, तर रॉमच्या पुढील शिफ्ट रजिस्टरकडे (बिट एकेक करून पुढे सरकवणाऱ्या चिपांकडे) पाहावे. ते ७४एलएस१९४ प्रकारचे आहेत.

पत्त्याच्या वाहिन्यांत ए० ते ए३ टाइलीच्या आतली जागा दाखवतात, ए४ ते ए११ टाइलीचा क्रमांक. पहिल्या चारांत दोष असेल तर प्रत्येक टाइल आतून चिरफळते. पुढील आठांत असेल तर टाइल धड असते पण भलतीच. अक्षरांचे क्रमांक आस्की (अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी संगणकीय पद्धत) क्रमाने असल्यामुळे हे वाचून ओळखता येते. 'रेडी' या इंग्रजी शब्दाची अक्षरे आर, ई, ए, डी, वाय. ए४ वाहिनी शून्यावर अडकली तर प्रत्येक विषम क्रमांक एकाने घटतो आणि पडद्यावर आर, डी, रिकामी जागा, डी, एक्स असे येते. तीच एकावर अडकली तर एस, ई, ए, ई, वाय. टाइल-रॅमचा सर्वांत खालचा बिट अडकला तरी हुबेहूब हेच दिसते. पण तेव्हा स्वयंचाचणी नापास होते. चाचणी उत्तीर्ण असेल तर रॅम सोडून रॅम ते ५ई मधल्या चिपा, ५ई चे सॉकेट व वाकून आत दुमडलेली पिन पाहावी. वाकलेल्या पिनेचे प्रमाण वाटते त्याहून बरेच अधिक आहे.

भुलभुलैया नीट आणि भुते फाटलेली असतील तर ५एफ किंवा स्प्राइटांचा लाइन बफर (एका रेषेचे पिक्सेल तात्पुरते साठवणारी स्मृती). दोन्ही सारखेच बिघडले असतील तर सामायिक वाट. सगळ्या टाइल बरोबर पण चुकीच्या जागी, आणि आवाज व खेळ मागे व्यवस्थित चालू, असे असेल तर २८४ ही नामकोची व्हीरॅम-अॅड्रेसर चिप. तिची जोडीदार २८५, सिंक-बस नियंत्रक, बिघडली तर प्रोसेसरलाच रॅम मिळत नाही. मिडवेच्या काही बोर्डांवर या दोन चिपांच्या जागी सुट्या टीटीएल (साध्या सर्वसामान्य लॉजिक) चिपांचे छोटे उपबोर्ड असतात. ते बाजूच्या धक्क्याने सैल होतात. नवी चिप शोधण्याआधी ते काढून, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवावेत.

रंग : ७एफ चे आठ बिट असे वाटलेले आहेत : लाल तीन, हिरवा तीन, निळा दोन. लाल आणि हिरव्याच्या बिटांना १ किलोओहम, ४७० ओहम व २२० ओहमचे रोधक आहेत आणि त्यांचा वाटा अनुक्रमे सुमारे १३, २८ व ५९ टक्के पडतो. निळ्याला ४७० व २२० (३२ व ६८ टक्के). म्हणून एखादा रंग पूर्ण नाहीसा झाला तर तार किंवा कनेक्टर, आणि फक्त फिका झाला तर एक रोधक वा एक बिट. भुते येथे चांगली कसोटी ठरतात. ब्लिंकी निव्वळ लाल असल्याने लाल गेला की त्याचे अंग नाहीसे होते व नुसते डोळे फिरतात, पॅक-मॅन हिरवा होतो, इंकी या भुताचे अंग मात्र जसेच्या तसे. निळा गेला तर भुलभुलैयाच्या भिंती जवळजवळ दिसेनाशा होतात. पूर्ण काळ्या होत नाहीत, कारण त्यांच्या निळ्यात लाल-हिरव्याचा १ किलोओहमवाला किंचित अंश आहे.

रंग फिका नसून भलताच असेल तर प्रॉमकडे बोट दाखवले जाते. या प्रॉमांतील माहिती अतिसूक्ष्म फ्यूज जाळून लिहिलेली असते. सुरुवातीच्या निक्रोम फ्यूजांत जळलेला फ्यूज कालांतराने पुन्हा जुळतो, असे एक मत आहे व उत्पादनाच्या काळातही ही चिंता नोंदलेली होती. त्याला अनुसरून काही जण रंग बदललेला दिसताच ८२एस१२३ बाद ठरवतात. दुसऱ्या मताप्रमाणे असे फ्यूज बहुतेक प्रोग्रामिंगच्या वेळीच अर्धवट जळालेले असतात आणि पहिल्या काही वर्षांतच उघडे पडतात. चाळीस वर्षे नीट चाललेल्या चिपेत तो दोष आज नव्याने येण्याचे कारण कमी. प्रॉम काढून वाचला असता माहिती अचूक निघते आणि नव्या सॉकेटात रंग परततात, हा अनुभव वारंवार येत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रॉम तीनदा वाचावा. तिन्ही वाचने जुळली आणि मेम या एम्युलेटरच्या (जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७) यादीतील सीआरसीशी (माहितीच्या पडताळा-अंकाशी) मिळाली तर तो निर्दोष. तिन्ही वेगवेगळी आली तर चिप काठावर आहे. हीच कसोटी ५ई व ५एफ ना लागू पडते.

दुरुस्ती : लॉजिक प्रोबवर ना उच्च ना नीच असा संकेत देणारे आउटपुट, ऑसिलोस्कोपवर सुमारे १.४ व्होल्टला लोंबकळणारे, म्हणजे आतून तुटलेले. अशा टीटीएल चिपेवर तशीच चांगली चिप, पिनेला पिन लावून, घट्ट दाबून धरली तर चित्र सुधारते. आउटपुट शून्यावर वा एकावर अडकलेले असेल तर ही युक्ती फसते, कारण खालची चिप वरचीला ओढून ठेवते. बोर्ड तापल्यावरच दोष येत असेल तर थंड फवारा एकेका चिपेवर मारावा.

सोल्डर केलेली सदोष चिप काढताना तिचे पाय वरूनच कापावेत, मग एकेक पाय तापवून उपटावा आणि शेवटी छिद्रे साफ करावीत. अखंड चिप ओढली तर छिद्राच्या आतला तांब्याचा मुलामा निघून येतो आणि एका दोषाचे तीन होतात. जागी टर्न्ड-पिन (गोल पिनांचे) सॉकेट घालावे. नवा रॉम लिहिताना २७३२ ला २५ व्होल्ट तर २७३२ए ला २१ व्होल्ट लागतात. ही 'ए' चुकली की चिप जळते. ७४एलएस मालिका मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळते, मात्र जुन्या चिपांवर नवे शिक्के मारलेला मालही बाजारात फिरतो. खरेदीनंतर टेस्टरवर लावून पाहणे बरे.

नकली बोर्ड : परवान्याशिवाय बनलेल्या बोर्डांत २८४ व २८५ ऐवजी सुट्या टीटीएल चिपा आढळतात. जागांचे क्रमांक वर दिल्याप्रमाणे जुळतीलच असे नाही. रॉमच्या डेटा वाहिन्यांवरून पट्टे ओळखण्याची रीत तेथेही बहुधा चालते. जागा मात्र ट्रॅक पाहत जाऊनच ठरवाव्या लागतात.