टाइप ३ चा रबरी बेलो : पार्श्वभूमी

फोक्सवॅगन टाइप ३ या मोटारीचे उत्पादन १९७३ मध्ये थांबले. हवेने थंड होणाऱ्या तिच्या इंजिनाच्या फॅनपर्यंत बाहेरची हवा नेणारा घडीदार रबरी नळा म्हणजे बेलो. तो मूळचाच असेल, तर त्याने पन्नाशी ओलांडली आहे. घड्यांच्या तळाशी चिरा, कडा तेलाने फुगलेल्या, आणि इंजिन उतरवताना जरा ताण बसला की तुकडाच हातात.

फोक्सवॅगनच्याच बीटलला हा भाग नव्हता. तिचा फॅन डायनॅमोच्या शाफ्टवर असतो आणि इंजिनाच्या कप्प्यातलीच हवा ओढतो. १९६१ मध्ये टाइप ३ आली तेव्हा इंजिनावरही सामान ठेवता यावे म्हणून फॅन थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावर घेतला गेला. इंजिनाची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर राहिली. पट्टा तुटला तरी फॅन फिरतच राहतो, हा फायदा वेगळा. पण डिकीच्या फरशीखाली झाकणबंद बसलेल्या इंजिनाला हवा कुठून मिळणार? ती मागच्या बाजूच्या पत्र्यातल्या फटींतून घेतली, बॉडीच्या पोकळीतून मागे नेली आणि शेवटच्या टप्प्यात बेलोमधून फॅनपर्यंत पोहोचवली. इंजिन माउंटिंगवर हलते आणि बॉडी जागची हलत नाही, त्यामुळे हा सांधा लवचीकच लागतो.

वाद आहे तो बेलो काढून टाकण्याचा. नवा मिळेपर्यंत फाटका बेलो फेकून गाडी तशीच चालवणारे बरेच आहेत. बीटल कप्प्यातली हवा खाते, मग टाइप ३ लाच काय अडचण, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद टिकत नाही. बीटलच्या कप्प्यात मागच्या काचेखालच्या जाळीतून ताजी हवा सतत भरत असते आणि खालची गरम हवा पत्रा व भोवतीचे रबर अडवतात. टाइप ३ चा कप्पा वरून बंद असतो. बेलो नसला की फॅन मिळेल त्या फटीतून ओढतो, आणि त्यात सिलिंडर व सायलेन्सरवरून तापून आलेली हवाही येते. थंड प्रदेशात, कमी अंतरावर हे लक्षातही येत नाही. लांबच्या चढावर तेल तापू लागते. अर्धवट चिरलेल्या बेलोचेही तेच, फक्त सावकाश.

नव्या बेलोत रबर कोणते, हे विचारून घ्यावे. ईपीडीएम हे कृत्रिम रबर उष्णता आणि हवेतला ओझोन सोसते, पण खनिज तेलाने फुगते. नायट्राइलला तेलाचे भय नाही, मात्र ओझोनने त्याला चिरा पडतात. निओप्रीन दोन्हींच्या मधले. गळके इंजिन असेल तर आधी गळती बंद करावी, नाहीतर नवा बेलोही त्याच वाटेने जाणार.

बदलण्याची सोयीची वेळ म्हणजे इंजिन खाली उतरलेले असताना. तेव्हा बेलो सोडवावाच लागतो. जुना क्लॅम्प वाकलेला असेल तर तोही बदलावा. सैल क्लॅम्पशेजारून शिरणारी गरम हवा बाहेरून दिसत नाही.