अकरा तुकड्यांचा विषाणू आणि त्याच्यावरची पाळत

हुरड्याचे दिवस. आठ-दहा महिन्यांच्या बाळाला वांत्या सुरू होतात, पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब. घरातलं थोरलं माणूस म्हणतं, "दात येतायत, होतंच असं." दात सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत येतच असतात, त्यामुळे त्या वयातलं कुठलंही दुखणं त्यांच्या माथी मारता येतं. टाळू खोल गेली तरी आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते. खोल गेलेली टाळू ही अंगातलं पाणी आटल्याची खूण आहे. त्या वेळी ओआरएस पाजत पाजत थेट दवाखाना गाठायचा असतो.

लहान मुलांच्या अशा जोरदार जुलाबांमागचा मोठा गुन्हेगार म्हणजे रोटाव्हायरस. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी मुलांच्या आतड्यात पाहिला. आपण जुलाब म्हटलं की पावसाळा आणि टँकरचं पाणी आठवतो. हा मात्र आपल्याकडे थंड, कोरड्या महिन्यांत जोर धरतो. आजारी बाळाच्या चिमूटभर शीमध्ये तो अब्जावधींनी असतो आणि दुसऱ्या बाळाला लागण व्हायला थोडेसेच कण पुरतात. म्हणून चोवीस तास शुद्ध पाणी मिळणाऱ्या देशांतही, लस येण्याआधी, पाच वर्षांपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठायचा.

दवाखान्यात विषाणूचं नाव कुणी शोधत नाही, आणि त्यात डॉक्टरांची चूक नाही. उपचार तेच राहतात: ओआरएस, १४ दिवस झिंक, अंगावरचं दूध चालू. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' महागड्या बाटल्यांचं तर बोलायलाच नको. रुग्णाला नावाची गरज नाही, देशाला मात्र आहे. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००५च्या अखेरीस रोटाव्हायरसवर पाळत ठेवणारं देशव्यापी जाळं उभं केलं. जुलाबांमुळे दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांची शी तपासायची, असं ते काम. पहिल्या दोन वर्षांत शंभरातल्या सुमारे ३९ मुलांत रोटाव्हायरस निघाला. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था या कामात पुढे होत्या.

पण एकदा मोजून भागत नाही, पाळत सतत ठेवावी लागते. का, ते या विषाणूच्या रचनेत दडलेलं आहे, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. रोटाव्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याची आनुवंशिक माहिती लिहिलेला धागा, सलग नसतो. त्याचे ११ सुटे, दुपेडी तुकडे असतात. जेलीसारख्या पातळ थरात ठेवून वीज सोडली की हे तुकडे आकारानुसार वेगळे होतात आणि पट्ट्यांची ओळ उमटते: वर चार, मग दोन, मग तीन, शेवटी दोन. ही मांडणी अ गटाची, म्हणजे मुलांना सर्वाधिक छळणाऱ्या रोटाव्हायरसची. क गटात तीच चार-तीन-दोन-दोन होते.

आता एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले तर? दोघांच्याही तुकड्यांच्या नकला तिथे तयार होतात आणि नवा कण भरताना पहिला तुकडा याचा, दुसरा त्याचा, असं होऊ शकतं. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसं. प्रत्येक तुकड्याला दोन पर्याय, तुकडे ११, म्हणजे कागदावर २०४८ जुळण्या. सगळ्या टिकत नाहीत, पण काही टिकतात. विषाणूच्या बाहेरच्या कवचावरच्या दोन प्रथिनांवरून त्याचा प्रकार ठरतो, एकावरून 'जी' आणि दुसऱ्यावरून 'पी'. ही प्रथिनं वेगवेगळ्या तुकड्यांवर लिहिलेली असल्याने त्यांच्या जोड्याही बदलतात. जी१पी८, जी२पी४, जी९पी८ हे आपल्याकडचे नेहमीचे. अलीकडे जी३पी८ वाढला. नुसती एलायझा चाचणी रोटाव्हायरस आहे की नाही एवढंच सांगते; प्रकार कळायला पीसीआर करावी लागते.

ही सरमिसळ माणसा-माणसांतच होते असंही नाही. १९८०च्या दशकात दिल्लीच्या 'एम्स'मध्ये नवजात बाळांत एक रोटाव्हायरस सापडला, ११६ई. बाळांना लागण झालेली, पण जुलाब नाहीत. त्याचे दहा तुकडे माणसाच्या विषाणूचे होते आणि एक गाई-गुरांच्या! तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकारातून त्याच्यापासून 'रोटाव्हॅक' लस झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत हीच सरमिसळ प्रयोगशाळेत मुद्दाम घडवली आहे: गुरांच्या विषाणूत माणसाच्या विषाणूचा 'जी'चा तुकडा. २०१६पासून काही राज्यांत आणि २०१९मध्ये महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे, मोफत. रोटाव्हॅकच्या भारतातल्या चाचणीत गंभीर रोटा-जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले. बाकीच्या जंतूंचे जुलाब ही लस थांबवत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

लस प्रत्यक्षात किती चालते, हे पाळतीतूनच कळतं. जुलाबांनी दाखल मुलांचे दोन गट पडतात, रोटाव्हायरस निघालेली आणि न निघालेली. दोन्हींत लस घेतलेल्यांचं प्रमाण किती, ते ताडून पाहतात. त्यासाठी मुलाचं लसीकरण कार्ड हातात लागतं. बीड-धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांचं इथेच अडतं. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली ही माणसं उन्हाळा लागताना परततात, म्हणजे रोटाव्हायरसचा सगळा हंगाम फडावरच्या कोपीत जातो. दहाव्या आठवड्याचा डोस गावी, चौदाव्याच्या वेळी बिऱ्हाड सांगली-कोल्हापूरकडे, आणि कार्ड गावाकडच्या पेटीत. अशा मुलाची शी तपासली, विषाणू सापडला, त्याचा प्रकारही कळला, तरी कार्डावाचून लशीच्या हिशेबात त्याला धरता येत नाही.